मामांची हजेरी

माझा नवरा पंकज हैदराबादच्या एका कंपनीत इंजिनियर होता. कदाचित अजूनही असेल. ज्याला काढलं तो पंकजच होता का, यावर कंपनीचं अजून एकमत झालेलं नाही.

कंपनीने इमारत सोडून सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, म्हणून आम्ही आदिलाबादजवळ मावल्याला राहायला आलो. मी इथल्याच शाळेत शिकवते. घरी बसून लोक काम करतात की झोपा काढतात, हे पाहायला कंपनीने प्रत्येकाच्या लॅपटॉपवर हजेरीचं सॉफ्टवेअर टाकलं. ते कॅमेऱ्यातून दिवसभर तोंड बघायचं. तोंड दिसलं नाही की गैरहजेरी. कंपनी बनवायचीही हेच सॉफ्टवेअर. म्हणजे ते बनवणाऱ्यांचीच हजेरी ते घेत होतं, आणि त्यात सगळ्यांचा दिवस जात होता.

पंकजचे मामा वामनराव जवळच्याच बेला गावचे. घरची शेती, कापूस-ज्वारी, आणि स्वतःबद्दल फार चांगलं मत. रेणुकामामींचे डोळे तपासायला ते आमच्याकडे आले होते, आणि नेमकं त्याच दिवशी पंकजचं पोट बिघडलं. तो संडासातून ओरडला, "मामा, जरा त्या खुर्चीवर बसा! काई करू नका, फक्त बसा."

मामा बसले. सॉफ्टवेअर नवीन होतं, अजून तोंडं ओळखायला शिकत होतं. पडद्यावर हिंदीत प्रश्न आला: हे तुम्हीच आहात ना? मामांनी चष्मा लावला, नीट वाचलं, आणि खरं होतं तेच सांगितलं. हो.

पंकज परत येऊन खुर्चीवर बसला तर पडदा लाल. अनोळखी व्यक्ती. कृपया पंकज यांना बोलवा.

तक्रार करायची तर आधी तोंड दाखवावं लागे. म्हणून मामा पुन्हा बसले आणि मागे उभा राहून पंकज सांगत गेला. तक्रार ऐकणारंही यंत्रच होतं. सगळं ऐकून त्याने मामांना विचारलं, "तुमच्या मागे उभा असलेला इसम तुम्हाला त्रास देतो आहे का?"

मामांनी विचार केला. "थोडासा," ते म्हणाले.

यंत्राने पंकजला खोलीबाहेर जायला सांगितलं, आणि तक्रार मिटली असा निरोप आला.

दुसरा इलाज नव्हता. मामा-मामी आमच्याकडेच राहिले. मामा कॅमेऱ्यासमोर बसायचे आणि पंकज टेबलाखाली मांडी घालून, लांब वायरचा कीबोर्ड घेऊन, काम करायचा. संध्याकाळी त्याला सरळ उभं राहता येत नसे.

मिटिंगमध्येही मामाच. पंकजचे साहेब हेमचंद्र मूळचे आदिलाबादचे मराठी, पण आता हैदराबादकर. ते नवेच होते, पंकजला त्यांनी समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. टीममधल्या प्रगतीने आणि सुधाकररावांनी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी दोघं जरा दचकले. पण यंत्र याला पंकज म्हणतंय म्हटल्यावर, चूक आपलीच असेल असं त्यांना वाटलं. प्रगतीने तर मला मेसेज केला: ताई, पंकजची तब्येत बरी आहे ना? एकदम उतरलाय.

मिटिंग सुरू झाली की मामा आधी एकेकाला विचारायचे, "जेवले काय?" नाही म्हटलं तर, "काऊन?" हे त्या कंपनीत कोणी कोणाला विचारलेलं नव्हतं. सुधाकररावांनी ताटात काय होतं ते सांगितलं, आणि मग बराच वेळ तेच बोलत राहिले.

एकदा हेमचंद्रांनी विचारलं, "पंकज, हे काम कधीपर्यंत होईल?"

टेबलाखालून पंकजने बोटं दाखवली. मामांनी खाली पाहिलंच नाही. "झालं की सांगतो," ते म्हणाले.

एवढं सरळ उत्तर हेमचंद्रांना कधी मिळालं नव्हतं. त्यांनी मामांना टीमचं प्रमुख केलं.

मग मामा चढले. मामींना रोज सकाळी समोर उभं करून काल काय केलं, आज काय करणार, हे विचारू लागले. "तुहा आउटपुट कमी होऊन राह्यला, रेणुका," एकदा ते म्हणाले.

"मंग आउटपुटच खा आज," मामी म्हणाल्या आणि शेगडी बंद करून शेजारी जाऊन बसल्या. त्या दिवशी आम्ही तिघांनी केळी खाल्ली.

कापूस फुटला, तरी मामांना सुट्टी मिळेना. आणि तेव्हाच कंपनीचा हुकूम आला. नवीन यंत्र बरंचसं काम करणार, म्हणून टीममधला एक माणूस कमी करायचा, आणि नाव प्रमुखाने द्यायचं.

मामा दोन घास कमी जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकाला फोन लावून घरची चौकशी केली. प्रगतीचं बाळ लहान. सुधाकररावांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. कोणी आईचं औषधपाणी बघणारं, कोणी नुकतंच लागलेलं. मग ते मिटिंगमध्ये बसले आणि म्हणाले, "साहेब, पंकजले काढा."

टेबलाखाली पंकजचं डोकं वर आपटलं.

"तुम्ही स्वतःचं नाव देताय?" हेमचंद्रांचा आवाज बदलला.

"माहं नाई. पंकजचं. तो कामावर येतच नाई. मी वामनराव, बेल्याचा."

कामाच्या ताणाने माणसाचं असं होतं, हे हेमचंद्रांनी कुठेतरी वाचलं होतं. "थोडी विश्रांती घ्या," ते हळूच म्हणाले.

घरी रण माजलं. "मामा, पंकज म्हंजे मी!" पंकज ओरडला.

"माहीत आहे मले. तुह्या घरी वावर आहे, बायको नोकरीवर आहे, मी आहे. त्या पोरीच्या घरी कोण आहे?" मामा शांतपणे भाकर मोडत होते. "आन् खोटं काय बोललो? तू खुर्चीवर बसतच नाई."

पंकजने माझ्याकडे पाहिलं. मला त्याची कीव येत होती, आणि मामांचं म्हणणं खोडताही येत नव्हतं. मी त्याला वरण वाढलं.

हेमचंद्रांनी वर लिहून कळवलं की असा माणूस काढू नये. पण वरही यंत्रच होतं. त्याने पंकजचं नाव बरखास्त केलं. पगार नावाचा असतो, तोंडाचा नसतो, म्हणून तो थांबला. तोंड मात्र काढा असं कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी मामा सवयीने बसले तर पडदा हिरवा झाला. सुस्वागतम, आणि पुढे मोकळी जागा.

मामांनी टीम सोडली नाही. "आता त्या पोरायले अर्ध्यात कसं टाकू?" ते म्हणाले. मग मामी आणि पंकज बेल्याला गेले, आणि मामांचा कापूस पंकजने वेचला. पहिले काही दिवस त्याची बोटं बोंडांनी चिरली. पण फोनवर त्याचा आवाज मला कितीतरी दिवसांनी मोकळा वाटला. जेवलीस का, असं त्याने आपणहून विचारलं.

एका रविवारी तो घरी आलेला असताना फाटकाशी रिक्षा थांबली. हातात बॅग घेतलेला, दाढी वाढलेला एक माणूस उतरला. हेमचंद्र होते. माणूस काढू नये असं लिहिलं म्हणून यंत्राने त्यांनाही काढलं होतं.

"पंकज आहेत का?" त्यांनी विचारलं.

"मीच पंकज," पंकज म्हणाला.

हेमचंद्रांनी सवयीने हजेरीचं सॉफ्टवेअर असलेला मोबाईल काढून त्याच्या तोंडासमोर धरला. पडद्याकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "नाही. तुम्ही नाही."

तेवढ्यात मामा बाहेर आले. हेमचंद्रांचा चेहरा एकदम उजळला. ते पुढे झाले आणि फाटकातच सगळं सांगून टाकलं. घरी बायको-मुलांना नोकरी गेल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. कंपनीच्या कामाने बाहेरगावी जातो म्हणून निघाले ते थेट आमच्याकडे.

"जेवले काय?" मामांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

मी पाट मांडले. हेमचंद्र मान खाली घालून जेवले, दोनदा भाकर मागून घेतली. मग ताटावरून वर पाहिलं आणि विचारलं, "तुमचं खरं नाव काय म्हणालात त्या दिवशी?"

"वामनराव."

"वामनराव," ते म्हणाले. मग पंकजकडे वळून त्यालाही नाव विचारलं, आणि या वेळी मोबाईल खिशातच राहू दिला.