गरम झाली की चालते

तळ्यावरचं बर्फ फुटून वाहून गेलं, तसं आउवोनं गॅरेजचं दार उघडून मोटरसायकल बाहेर काढली. चोक ओढून किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी पेटली, त्यालाही बरं वाटलं. पण चोक आत ढकलला मात्र, बाईसाहेब दोनदा खोकल्या आणि गप्प. पुन्हा पेटवली, पुन्हा तेच. एक्सलेटर पिळून धरला तर ठणठणीत, हात सोडला की बंद. शेवटी रेस देऊन देऊन गरम केली, आणि मग काय विचारता! हात न लावता स्लोवर तासभर चालू राहिली असती.

"झाली ना सुरू?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको सिर्क्का ओरडली. "मग आण जा ताउनोला!"

"याला सुरू होणं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात? कीर्तन?"

ताउनो हा आउवोचा मोठा भाऊ. तरुणपणी दोघांनी मिळून ही गाडी घेतली, तेव्हापासूनचा रिवाज होता. बर्फ गेलं की पहिली फेरी दोघांनी मिळून मारायची ती बोटीच्या धक्क्यापर्यंत. तिथल्या टपरीवर कॉफी आणि साखरेत घोळवलेला डोनट. जाताना एकानं चालवायची, येताना दुसऱ्यानं. यंदा ताउनो वृद्धाश्रमात होता. हृदय थकलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मागं बसवून हळू नेलंत तर माझी हरकत नाही. पण बसवतंय तोवर न्या."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं. कुणी दुसरा असता तर गाडी गरम करून त्याच दुपारी गेला असता. पण आउवोचा जन्म गेलेला बस डेपोत, मेकॅनिक म्हणून. हाडं गोठवणाऱ्या पहाटे जी बस स्वतःच्या बळावर चालू राहत नाही, ती फाटकाबाहेर सोडायची नाही, हा तिथला कायदा. माणूस रिटायर झाला, कायदा काही झाला नाही.

आणि हा रोगच मोठा लबाड. गाडी गरम झाली की तो दडी मारतो. म्हणजे एका सकाळी एकच प्रयोग. फसला, की इंजिन रात्रभर गार होऊ द्यायचं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा श्रीगणेशा. हिवाळाभर टाकीत मुरलेलं पेट्रोल त्यानं बदललं. जैसे थे. प्लग बदलले. जैसे थे. कार्ब्युरेटर सोडवून बारका जेट तारेनं साफ केला, उजेडाकडे धरून त्याचं भोक पाहिलं. कसं लख्ख! तरी दुसऱ्या सकाळी गाडी खोकली आणि गप्प.

ताउनोचा फोन आला. "काय रे, तुझी नवरी अजून नाकच शिंकरतेय का?"

"सापडेल आता. थोडं थांब."

"अरे, माझ्याइतकी तर थंड नाही ना ती? गरम कर आणि ये. मी रोज न्याहारी झाली की जाकीट घालून बसतो. इथल्या बाया हसतात मला."

"चौकात बंद पडली म्हणजे? मागं तू बसलेला."

"पडू दे की! दोघं उभे राहू चौकात. आपल्याला कुठं आगगाडी पकडायचीय?"

"ताउनो, गाडी धड झाल्याशिवाय मी नेणार नाही."

मग ताउनो म्हणाला, "बरं बाबा. तू मेकॅनिक."

त्या रात्री सिर्क्कानं भांडी पुसता पुसता विचारलं, "खरं सांग, तुला गाडीची भीती वाटतेय की ताउनोची?"

आउवो फटकन बोलला, "तुला इंजिनातलं काय कळतं?" आणि उठून गेला. पण बाईनं बरोबर नस पकडली होती. ही फेरी शेवटची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा मारली की संपली. दोष सापडत नव्हता तोवर ती शिल्लक होती. हे कबूल करण्यापेक्षा व्हॉल्व्हचं अंतर मोजणं सोपं, म्हणून सकाळी त्यानं तेही मोजलं. अगदी बरोबर होतं.

दोष निघाला तो असा क्षुल्लक, की कपाळावर हात मारावा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीला खालच्या अंगाला केसाएवढी चीर पडली होती. थंडीत रबर आकसलं की चीर उघडायची आणि फुकटची हवा आत जायची. गरम झालं की रबर फुगून चीर आपोआप मिटायची. आउवोनं नवी नळी मागवली, ती आल्यावर बसवली. दुसऱ्या सकाळी थंडगार गाडीला किक मारून चोक आत ढकलला. गाडी चालूच राहिली! आउवो अंगणात एकटाच हसला आणि त्यानं दुसरं हेल्मेट मागच्या सीटला बांधलं.

वृद्धाश्रमाच्या दारात पीर्यो नावाची नर्स भेटली. हेल्मेट पाहून तिचा चेहराच उतरला. "फोन केला होता मी घरी आत्ताच. तुम्ही निघाला होतात. पहाटे त्यांना त्रास झाला. आता बरे आहेत, बोलतात. पण आउवो, बसता येत नाहीये त्यांना. आणि आता येईल असं डॉक्टरांना वाटत नाही."

ताउनो उशीवर पडून होता. जाकीट खुर्चीच्या पाठीवर होतं.

"आणलीस?"

"आणली. खाली चालू ठेवलीय. ऐक." आउवोनं खिडकी उघडली. खाली इंजिन एका लयीत चालत होतं, कुठं अडखळणं नाही की काही नाही. "रबराला चीर होती रे. एवढीशी."

ताउनोनं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. तोही त्यातलाच जाणकार.

"झकास चालतेय," तो म्हणाला. मग त्यानं डोळे उघडून धाकट्या भावाकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "पण मला ती ऐकायची नव्हती रे, आउवो. मला तिच्यावर बसायचं होतं."