मुंग्यांनी निवडलेला गहू

म्हाताऱ्याला बियाणं राखता येतं, याबद्दल त्याच्या वैऱ्यालाही शंका नव्हती. शंका होती ती घरातच, सुनेला.

त्या साली कोठीत बियाण्याच्या गव्हाची दोनच पोती उरली होती. मुलगा दगडखाणीवर गेलेला. गहू उगवला तर तो परत यायचा, नाही तर सूनही खाणीवर जायची, असं ठरलं होतं. पेरणीला आठ दिवस असताना म्हाताऱ्याने कोठी उघडली, तर एक पोतं उपाशी मांजराच्या पोटासारखं खपाटीला गेलेलं. कोपऱ्यातून काळ्या मुंग्यांची रांग चाललेली, प्रत्येकीच्या तोंडात दाणा. रांग एवढी लांब की पहिली मुंगी बिळात पोचून, झोप काढून उठली, तरी शेवटची अजून पोत्यातच.

“थांबा, चोरावर मोर होतो,” म्हणत म्हाताऱ्याने कुदळ घेतली आणि बांधावरचं बीळ खणलं. पुरुषभर खोल, खोल्याच खोल्या. त्यांत गहू कसा, तर खडा नाही, कोंडा नाही.

“बघ, तुझ्यापेक्षा बरा निवडलाय.”

सुनेने चार दाणे तळहातावर घेतले. “मामंजी, कोंब फुटतो ती टोकंच कुरतडलीत. हा दळायला घ्या.”

“बियाणं दळू? वजन करून बघ, मुठीचा फरक नाही.”

“निदान ओल्या फडक्यात चार दाणे ठेवून बघू.”

“चाळीस वर्षं पेरतोय. आता फडक्याला विचारू?”

आणि तिने मागाहून तो गहू वेगळा काढू नये म्हणून त्याने तो पोत्यात भरून दोन्ही पोती कालवून टाकली.

पेरणी झाली. घर लुटलं गेलेल्या मुंग्या उपाशी होत्या. त्या शेतात उतरल्या आणि चांगला दाणा तेवढा वेचून घेऊन गेल्या. आपल्या उष्ट्याला त्यांनी तोंड लावलं नाही.

पंधरा दिवस झाले तरी शेत तळहातासारखं. फक्त खणलेल्या बिळाच्या कडेने, मुंग्यांच्या तोंडातून सांडलेल्या दाण्यांचं, हिरवंगार कडं उगवलं होतं. म्हाताऱ्याने सुनेला हाताला धरून तिथे नेलं.

“उगवलाय की.”

सुनेच्या काखेत गाठोडं होतं. “त्यांचा आहे, मामंजी. कापायच्या आधी विचारा.”

ती खाणीच्या वाटेला लागली. म्हातारा तिथेच बसून राहिला. दुपारपर्यंत मुंग्यांनी नव्या बिळाची माती त्याच्या पायांवर आणून टाकली होती. त्याला उठा म्हणायला घरात कुणी उरलं नव्हतं.