आत्याचं निळं कव्हर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, असं घरात सगळे म्हणतात. मित्रांनो, मी अवघ्या तीन वर्षांचा आहे! मला म्हातारं केलं ते एका कव्हरने.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. घरातल्या मुलीला हातांच्या चपळाईमुळे सगळे भिंगरी म्हणतात. तिने एकेक भाग आणून मला स्वतः जोडलं. एका बाजूला काच, आत तीन पंखे. अवघडातला अवघड खेळ मी विनातक्रार चालवायचो. तिच्या मैत्रिणी मला बघायला यायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग तिच्या आत्याने माझ्यासाठी जाड निळं कव्हर शिवून पाठवलं. आत्याचा धंदाच शिवणकामाचा. शिवण अगदी सरळ, मागे वायरींसाठी फट. बाबांना बहिणीचं कोण कौतुक! "ताईने एवढ्या मायेने शिवलंय, ते काढायचं नाही," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. बटण दाबायला तेवढी कड उचलायची आणि पुन्हा खाली सोडायची.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. गरम हवा बाहेर जाईना. पंखे जीव तोडून फिरायचे आणि तीच हवा पुन्हा घुसळायचे. फार तापलो की जळून जाऊ नये म्हणून मी आपोआप वेग कमी करतो, आमची जातच तशी. मग ऐन रंगात आलेला खेळ अडखळायचा. भिंगरी ज्या संघातून ऑनलाइन खेळायची, त्यातल्या मुली तिला गोगलगाय म्हणू लागल्या. रविवारच्या निवडीत असंच झालं तर तू संघाबाहेर, असं कर्णधार मुलीने तिला सांगून टाकलं.

घरात उपायांना नुसता ऊत आला. इंटरनेट बदललं, माउस बदलला, मला दोनदा आतून पार पुसून काढलं. बाबा येताजाता "व्हायरस असेल" म्हणायचे. कव्हराकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

दोनदा मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. मळेल म्हणून कव्हर घरी घडी घालून ठेवलं होतं, त्यामुळे तिथे मी अगदी ठणठणीत.

"याला काही झालेलं नाही हो," दुरुस्तीवाले काका म्हणाले. "घरी धुळीत ठेवता का?"

"छे, छे! कव्हर घालतो," बाबा म्हणाले.

"मग तर उत्तमच!"

मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं. "नाटकी आहे लेकाचा," असं म्हणत बाबांनी मला घरी आणलं आणि पुन्हा कव्हर चढवलं.

रविवारी आत्या आली होती. निवडीच्या दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी अडखळलो आणि भिंगरी हरली. तिचे डोळे भरून आले. तिला धीर द्यायला आत्या जवळ आली आणि टेकताना तिचा हात माझ्यावर पडला.

"अगंबाई! हा तर भाजतोय! चालू असताना झाकलाय कशाला?"

"तूच तर शिवलंस ना, ताई," बाबा म्हणाले.

"अरे, काम संपल्यावर घालायला! मी चालत्या शिलाई मशीनवर कव्हर घालते का?"

तिने एका झटक्यात कव्हर ओढून काढलं. कितीतरी महिन्यांनी घरात खेळताना मला मोकळी हवा लागली. दुसऱ्या फेरीत भिंगरीची बोटं धावली आणि मी त्यांच्याबरोबर धावलो. संध्याकाळी यादी लागली. तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं, पण होतं.

बाबा बराच वेळ कव्हराची घडी घालत बसले. मला त्यांचा राग होता, तो तेव्हा थोडा कमी झाला.

मित्रांनो, मला जपणारी माणसं घरभर होती. पण आठ महिन्यांत मी तापलेला असताना एकानेही मला हात लावून पाहिलं नव्हतं. आता बाबा येताजाता माझ्यावर हात ठेवतात. तुम्हीही ज्याला जपता, त्याला अधूनमधून हात लावून बघत जा. त्याला ताप असेल, आणि त्याला बोलता येत नसेल.