सलईच्या झाडावर पडलेली वीज

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझी डावी नळी आता धूसर झाली आहे. उजवीतून मात्र अजून लख्ख दिसते.

देहरादूनच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिरांनी माझ्या काचा दिवसचे दिवस घासल्या, तेव्हा कुठे मला दूरचे दिसू लागले. दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या विश्वनाथरावांनी मला हौसेने विकत घेतले. दर रविवारी ते मला गळ्यात अडकवून यमुनेकाठी पक्षी पाहायला जात. ऑफिसातले मित्र माझे कौतुक करत आणि मी मनातून फुलून जाई. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले आणि माझी रवानगी कपाटावर, जुन्या चादरींमागे झाली. तिथे अकरा वर्षे गेली. डाव्या काचेवर बुरशी धरली. मला वाटले, संपले आपले काम.

त्यांची मुलगी कृतिका झाडांवर संशोधन करते आणि दिल्लीतच मुनिरकाला भाड्याच्या खोलीत राहते. एकदा घरी आली असताना तिने मला खाली काढले.

"बाबा, ही नेऊ मी?"

"अगं, एकच डोळा धड आहे तिचा. नवी घे ना, अच्छीवाली."

"मला एक पुरतो, बाबा."

तेव्हापासून मी अरवलीच्या टेकड्यांत हिंडू लागले. शहराच्या उंच इमारती जिथे संपतात, तिथे खडक, बाभळीसारखे काटेरी किकर आणि वाळके गवत सुरू होते. वनरक्षक धरमबीर आमच्या सोबत असे.

मे महिना संपत आला होता. दुपारी चारच्या सुमारास आभाळ पिवळे पडले आणि आंधी सुटली. ढग गडगडत होते, पण पावसाचा थेंब नव्हता. कृतिका वनखात्याच्या चौकीच्या टेकडीवरून समोरच्या डोंगरावरचे एक वठलेले सलईचे झाड न्याहाळत होती. तेवढ्यात डोळे दिपवणारा लोळ उतरला आणि ते झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभे चिरले. आधी दिसली धुराची बारीकशी रेघ. मग मुळाशी गवत पेटले.

"भैया, आग!" कृतिका ओरडली. धरमबीरने लगेच फोन लावले.

पण वारा कुणासाठी थांबत नव्हता. आग उतारावरून किकरात शिरली. पेटलेली पाने उडून घळीच्या पलीकडे पडली आणि तिथेही ज्वाळा उठल्या. अर्ध्या तासात दोन्ही उतार धडाडून पेटले. नीलगाई वाट फुटेल तिकडे धावत होत्या.

आणि घळीत मला एक पांढरे पागोटे दिसले. पायथ्याच्या गावातला म्हातारा रामफल शेळ्या हाकत घराच्या वाटेने निघाला होता. पुढच्या वळणापलीकडे आग पोचली आहे, हे धुरामुळे त्याला कळत नव्हते. आम्हाला मात्र वरून सारे दिसत होते.

धरमबीरने त्याला फोन लावला. "ताऊ, गाँव की तरफ मत जाओ! आगे आग है!"

"तो किधर जाऊँ?"

कृतिकाने मला झरकन उजवीकडे फिरवले. तिथे दगडाची एक बंद पडलेली खाण होती आणि खाणीत पाणी होते.

"उजवीकडे... दाहिने, ताऊ! खदान में उतरो, पानी में!"

पागोटे वळले. शेळ्या वळल्या. मग धूर आडवा आला आणि फोनही बंद पडला.

मित्रांनो, दूरचे दाखवणे एवढेच मला येते, आणि त्या वेळी मला काहीच दाखवता येईना. कृतिकाने तरी मला खाणीच्या दिशेवरून हलवले नाही. खाली गावकरी ओली पोती घेऊन धावले. बायकांनी विळ्यांनी गवत कापून वाटेच्या कडेने मोकळा पट्टा केला. आग त्या पट्ट्यापाशी येऊन अडली. तोवर मावळतीला धूर विरळ झाला आणि खाण दिसली. शेळ्या पोटापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये रामफल छातीभर पाण्यात बसलेला, खांद्यावर करडू घेऊन.

"वो रहे! वो रहे!" कृतिका हसत होती आणि रडतही होती.

तिने घरी फोन लावला. "बाबा, इथे रानात आग लागली होती. सगळे वाचले."

"आणि तू?" विश्वनाथरावांनी विचारले.

"मी पण, बाबा. बिल्कुल ठीक आहे."

पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणाले, म्हाताऱ्याच्या बिडीनेच आग लागली. बोलता बोलता सारे तेच म्हणू लागले. रामफलला चौकीवर बोलावले. मिशा करपलेला तो म्हातारा मान खाली घालून बसला.

"साहब, मैंने देखा है," कृतिका वनाधिकाऱ्यांना म्हणाली. तिने मला त्यांच्या हाती दिले आणि झाड दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग सगळ्यांना घेऊन ते स्वतः डोंगरावर गेले. बुंधा उभा फाटला होता आणि सालीच्या चिरफळ्या लांबवर फेकल्या गेल्या होत्या. बिडीने झाड असे फाटत नाही. त्यांनी तिथेच नोंद केली की आग विजेने लागली.

रामफलने एवढा मोठा श्वास सोडला की शेजारची शेळी दचकली. सकाळपासून कुणी हसले नव्हते. आता सगळेच हसले, आणि ज्यांनी बोट दाखवले होते त्यांनीच त्याला चहा आणून दिला.

मित्रांनो, वीज कुठे पडावी हे आपल्या हाती नाही. पण उन्हाळ्याआधी वाळके गवत कापणे आपल्या हाती आहे. त्या खाणीसारख्या रानातल्या पाणवठ्यात राडारोडा न टाकणेही आपल्याच हाती आहे. आणि एखाद्या माणसाला दोषी म्हणण्याआधी जागेवर जा, नीट पाहा. जमल्यास मला बरोबर घ्या. मी जड नाही.