आचाऱ्याची जीभ

कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याचा हात तिखटाला भलताच सैल. त्याची भाजी खाऊन कामगार नाक पुसत आणि पुन्हा वाढून घेत. पण अलीकडे तीच भाजी मिळमिळीत लागू लागली.

"आचारी, आम्ही काय आजारातून उठलोय?" वेल्डरने ताट पुढे केलं.

"तुमच्याच पोटाची काळजी करतोय," म्हणत आचाऱ्याने वेळ मारून नेली.

खरं तर ती भाजी त्यालाच जाळत होती. चव घेतली की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून तो तिखट कमी करत गेला होता. तिथेच भाजी चिरणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीने एकदा त्याच्या हातातली पळी घेऊन रस्सा चाखला.

"हे तिखट?"

"नुसती आग आहे, ताई."

"आ कर बघू."

"मी काय पाळण्यात आहे?"

"आ कर म्हटलं ना!"

तोंड अर्धंच उघडलं. गालात, जिथे तो वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा बार धरत आला होता, तिथे दुधावर साय धरावी तसा पांढरा, सुरकुतलेला पट्टा होता. दुसऱ्या दिवशी ताई त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

"मी विडीसुद्धा ओढत नाही," तो दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

"धूर नसला तरी तंबाखू गालाला चिकटूनच असतो ना? पट्टा त्याचा. तोंड आखडलंय आणि जळतंय ते सुपारीने."

त्यांनी कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग निघाला नाही, पण पेशी बिघडू लागल्या होत्या. सोडलंत तर डाग बऱ्याचदा विरतो, तोंड पूर्वीसारखं उघडेल असं मात्र सांगत नाही, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं.

त्याने सोडलं, पण सुखासुखी नाही. भांडी आपटली, दिसेल त्यावर खेकसला. एकदा रखवालदाराकडून चिमूटभर तंबाखू मागून गालात धरला, आणि लगेच मोरीवर जाऊन थुंकून टाकला. ताईला हे कळू दिलं नाही.

पट्टा हळूहळू पुसट झाला. जळजळ राहिली. तिखटाचा अंदाज आता ताईचा. ते त्याच्या मनाला लागलं, पण तो भांडला नाही. तपासणीचा दिवस आला की कुणी न सांगता, फोडण्या उरकून, तो दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसे.