जावई नावाचा खडक

कप्तानाच्या लाँचवरचं नकाशाचं यंत्र त्या सकाळी पुन्हा बिथरलं. लाँच धक्क्याला बांधलेली, आणि पडद्यावर ती शहरात, बस डेपोच्या मधोमध उभी! "वा रे वा," कप्तान म्हणाला, "आता तिकीट काढून घरी जातो." त्याला अगदी शिसारी आली. विकताना कसला गोड गोड बोलला होता तो सेल्समन!

नुसता बिघाड असता तर त्याने ते यंत्र कधीच समुद्रात भिरकावलं असतं. पण आत सासऱ्यांचे खडक होते. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली जागोजाग खडक, ओहोटीला लाँच आत आणायची तर एकेक टाळत यायचं. चुकलात की लाँच गेली आणि माणसंही. सासऱ्यांनी उभा जन्म ही लाँच चालवली, आणि मरायच्या आधी लेकीच्या हट्टापायी प्रत्येक खडकापाशी जाऊन यंत्रात खूण करून ठेवली. नावंही त्यांचीच. एक 'सासू', कारण दिसत नाही पण असते. तीन मिळून 'भाऊबंद', सगळेच आडवे येणारे. आणि सगळ्यांत वाईट तो 'जावई'. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत कप्तानाने लाँच त्याच्यावर घातली होती, थोडक्यात निभावलं. ते नाव पडद्यावर आलं की कप्तान चरफडायचा आणि बायको खुदकन हसायची.

त्याने कंपनीला फोन लावला. आधी संगीत. मग 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. मग पुन्हा तेच संगीत. कान किटल्यावर एक तरुण बोलू लागला.

"सर, यंत्र चालू आहे का?"

"चालू आहे म्हणूनच डेपोत उभं आहे ना!"

"सर, आपण सध्या डेपोत आहात का?"

कप्तानाने कपाळावर हात मारला. "अहो, मी पाण्यात आहे. लाँचवर. डेपो फक्त तुमच्या यंत्रात आहे."

"ओके सर. मग रीसेट करू या."

"थांबा. आत माझ्या सासऱ्यांनी केलेल्या खुणा आहेत. ते आता नाहीत. पुसल्या जाणार नाहीत ना?"

"नाही सर, सगळं सेफ राहतं."

केबिनच्या दारात बायको उभी होती. "पुन्हा विचारा हो," ती म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं. फोनवरच्या पोपटाने तेच उत्तर दिलं. कप्तानाने बटण दाबून धरलं.

पडदा काळा झाला, मग उजळला. लाँच अगदी धक्क्याला, जागच्या जागी. आणि बंदराचं तोंड निळंशार, कोरं. एक खूण म्हणून नाही.

"अरे, गेलं की सगळं!"

"सर, रीसेटमध्ये आपली माहिती जातेच. पण लोकेशन बरोबर आलं ना? मग मी तक्रार बंद करतो. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

कप्तानाने फोन बंद केला आणि बाहेर येऊन पाण्यात थुंकला. तोंड कडू झालं होतं. खोटं बोलला मेला, दोनदा बोलला, आणि वर गुण मागतो! चोरसुद्धा जाताना शाबासकी मागत नाही.

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. "बाबा पुन्हा एकदा गेले हो," ती म्हणाली.

"सगळे नाही गेले," कप्तान म्हणाला. "दोर सोड."

भरती होती. लाँच हळूहळू बंदराच्या तोंडाशी आली. किनाऱ्यावरच्या गिरणीची चिमणी पाण्याच्या टाकीमागे बरोबर लपली आणि दीपगृह उजव्या हाताला आलं, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं. त्या पहिल्या फेरीला सासऱ्यांनी त्याची मान धरून हेच दाखवलं होतं. "बघून ठेव गाढवा, मरेपर्यंत विसरू नकोस!" त्याने लांब बांबू पाण्यात घातला. टक्.

"हाच," तो म्हणाला. "बाकीचे असेच हुडकायचे, एकेक करून." मग, ज्या नावाने आजवर त्याचा जीव जळत आला, ते त्याने स्वतःच्या बोटाने यंत्रात लिहायला घेतलं. 'जा' लिहून झालं आणि पडदा गोठला. मग थरथरला. लाँच पुन्हा बस डेपोत!

"शी!" कप्तान ओरडला.

बायकोने मासे कापायची सुरी उचलली आणि सुकाणूच्या वरच्या फळीवर कोरायला लागली. चिमणी, टाकी, दीपगृह. खाली ठसठशीत अक्षरांत, जावई. मग तिने फुंकर मारून भुसा उडवला.

"आता कर म्हणावं त्याला रीसेट," ती म्हणाली.