बसवलेला सात

सुताराची मुलगी एका बॅगेनिशी माहेरी आली आणि परत जाणार नाही म्हणाली. नवरा मारत वगैरे नव्हता. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा, एवढंच. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नवं असताना सगळं घट्टच असतं गं. बसेल हळूहळू." रविवारी येऊन घेऊन जा, असं जावयाला फोनवर सांगूनही टाकलं. तिला विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

सुताराचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे त्याला कामही नव्हतं. दिवसभर घरात येरझाऱ्या घालून त्याने तिचं डोकं उठवलं. शेवटी तिने पेपरातलं सुडोकू त्याच्यापुढे सरकवलं. "आडव्या ओळीत एक ते नऊ, उभ्या ओळीत एक ते नऊ, छोट्या चौकटीतही तेच. कुठलाच आकडा दोनदा नको."

"हात्तिच्या! एवढंच?"

मापाशिवाय फळीला करवत न लावणारा हा माणूस आकडे मात्र अंदाजपंचे ठोकत सुटला.

"बाबा, हा सात इथे कशावरून?"

"बसला की."

"बसला नाही, तुम्ही बसवलात. इथे दोनसुद्धा चालतोय. कळत नाही तोवर घर रिकामं ठेवायचं."

रिकामं ठेवणं त्याच्या जिवावर यायचं. फट दिसली की भुसा आणि सरस भरून मोकळा होणारा गडी तो. सात तसाच राहिला.

शनिवारी दुपारी एका आडव्या ओळीत दोनच घरं उरली. तिथे तीन आणि सात हवे होते, आणि त्या घरांच्या दोन्ही उभ्या ओळींत सात आधीच ठाण मांडून होता. त्याने इकडचा आकडा तिकडे करून पाहिला, तर तिसरीकडे बिघडलं. मग पेपरवाल्यांनीच चुकीचं छापलंय, असा निकाल दिला.

"चूक वरच आहे," मुलगी म्हणाली. "खात्री नसताना लिहिलंत ना, तिथे. तिथपासून सगळं खोडावं लागेल."

"सगळं? अगं, एवढी मेहनत!"

"मग राहू दे तसंच. चुकलेलं."

त्याने वरच्या त्या सातावर बोट ठेवलं. मग पेन्सिल खाली ठेवून त्याने विचारलं, "लग्नाच्या वेळी तुला तो पसंत होता का?"

"विचारलं कुणी होतं?"

सुताराला लाज वाटली. लाजेहून जास्त भीती वाटली, कारण रविवार उद्यावर आला होता.

"आता विचारतोय. जायचंय तुला?"

"नाही." ती रडली नाही, तो मात्र रडला.

रविवारी जावई दारात उभा राहिला. सुताराने त्याला आत या म्हटलं नाही.

"जावईबापू, ती येणार नाही."

"फोनवर तर हो म्हणाला होतात!"

"हो," सुतार म्हणाला. "पण ते मी म्हणालो होतो."